‘द बॅड सीड’ : निरागस चेहऱ्याआडचा क्रूरपणा
भयपटांतील दुष्ट बालकाची प्रतिमा रूढ करण्यात १९५६ च्या ‘द बॅड सीड’ या अमेरिकी चित्रपटाचा मोठा वाटा आहे. विल्यम मार्च यांची १९५४ मधील कादंबरी आणि मॅक्सवेल अँडरसन यांनी तिच्यावरून लिहिलेले नाटक यांवर तो आधारलेला असून दिग्दर्शन मर्विन लेरॉय यांचे आहे. आठ वर्षांची, दोन वेण्या घालणारी, अदबशीर रोडा सुंदर हस्ताक्षराच्या पदकासाठी वर्गमित्राचा जीव घेते आणि काहीच न घडल्यासारखी स्केटिंगला निघते. तिला भूतबाधा झालेली नसते; खुनी आजीकडून आलेला वारसा, एवढेच कारण कथा देते आणि तेही न पटणारे. पॅटी मॅकॉर्मॅकला या भूमिकेसाठी ऑस्कर नामांकन मिळाले.

कादंबरीत आणि नाटकात आई मरते, मुलगी वाचते. हॉलिवूडच्या तत्कालीन निर्मिती-संहितेला मात्र गुन्हेगार मोकळा सुटणे मान्य नव्हते. त्यामुळे पडद्यावर आई बचावते आणि रोडावर वीज कोसळते. त्यानंतर कलाकारांच्या परिचयात आई तिला लटकेच चोपते, हे दृश्य तर सारे भयच ओसरवणारे. ‘द एक्झॉर्सिस्ट’ (१९७३) आणि ‘द ओमेन’ (१९७६) या चित्रपटांत दोष सैतानाकडे गेला; रोडाच्या बाबतीत तशी सोय नव्हती.