वीस तारीख, हुपरी

सकाळी ९. पॉवरचं बटण दाबलं. पडदा काळा, पंख्याचा आवाज नाही. जीएसटीचं तीन-बी भरायची मुदत आज रात्री बारापर्यंत. आमच्या पुढच्या सोप्यात पैंजणांवर कानस चालते, शेजारच्या खोलीत माझं हिशेबाचं टेबल. कारागिरांच्या तेवीस घरांचं खातं याच लॅपटॉपमध्ये आहे: चांदी किती ग्रॅम दिली, माल किती आला, घट किती, मजुरी किती.

९:४०. त्याच प्लगला मोबाइल लावून पाहिला, तो चार्ज होतोय. अ‍ॅडॉप्टर नुसता लावला की त्याचा हिरवा दिवा लागतो. पिन लॅपटॉपमध्ये घातली की विझतो. काढली की पुन्हा लागतो. तीनदा केलं, तीनदा तेच. सगळं उत्तर तिथंच होतं. आत कुठंतरी दोन टोकं एकमेकांना चिकटलीत, म्हणून अ‍ॅडॉप्टर स्वतःला वाचवायला वीज तोडतोय. मी मात्र अ‍ॅडॉप्टर बिघडला असं धरून बसले.

११. पिन काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. आत अडकून राहिलेली वीज त्यानं उतरते, अडलेलं मशीन कधीकधी सुटतं. शॉर्टवर मात्र त्याचा उपयोग नाही.

दुपारी १:३०. जॅकच्या भोकात टॉर्च मारला. आत, मधल्या सुईला टेकून, केसाएवढा बारीक कीस चमकत होता. चांदी! विजेला तिच्याइतकी मोकळी वाट दुसरा कुठलाच धातू देत नाही. आम्ही जमिनीचं झाडणसुद्धा टाकत नाही, जपून ठेवून आटवायला देतो. टेबलावर मी रोज फडकं मारते, पण जॅकच्या भोकात कधी डोकावले नव्हते.

४:१०. रंगाच्या मऊ ब्रशनं जॅक झाडला, लॅपटॉप उपडा धरून हलकेच थापटला. पिन घातली. दिवा तसाच राहिला. मशीन सुरू झालं!

अकरा मिनिटं चाललं ते. पेनड्राइव्ह खणात होता, हात लांबवला असता तर मिळाला असता. तेवीस घरांचं खातं त्यात उतरवायला दोन मिनिटं पुरली असती. मी पोर्टल उघडलं. चांदीचे तीन टक्के, मजुरीकामाचे पाच टक्के, आकडे भरत गेले. मामांच्या मोबाइलवर ओटीपी आला, ते तो वाचून दाखवत होते आणि पडदा विझला. कीस पूर्ण निघाला नव्हता.

७. इचलकरंजीच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. “वहिनी, आता काहीही लावू नका. उद्या तसाच घेऊन या.”

९:२०. ऐकलं नाही. शेजाऱ्यांकडून सगळ्या लॅपटॉपना चालणारा चार्जर आणला. त्याच्या पाठीवर व्होल्टची चकती असते. माझ्या लॅपटॉपला १९.५ लागतात, चकती २४ वर होती. मी ती पाहिलीच नाही. टोक जॅकमध्ये बसतंय एवढंच पाहिलं. टक् असा बारीक आवाज झाला आणि वास आला. डाक लावतानाचा वास माझ्या ओळखीचा आहे, हा तो नव्हता.

रात्री १२. मुदत संपली. उद्यापासून दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क. तेवढ्यासाठी मी ती अकरा मिनिटं घालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ११, इचलकरंजी. त्यानं बोर्ड भिंगाखाली धरला. चार्जिंगच्या भागाजवळ काळा डाग. या मॉडेलला वेगळी डिस्क नाही, साठवणीची चिप बोर्डावरच डाक लावून बसवलेली, आणि वीज तिच्यापर्यंत पोहोचली होती. काल आणला असता तर जॅक बदलून भागलं असतं, असं तो हळूच म्हणाला. रागावला नाही, त्याचंच जास्त लागलं.

संध्याकाळी ५. मामा एवढंच म्हणाले, “वहीत लिवून ठेवायचं हुतं गं, पोरी.” मी नवी वही काढली. घुंगरू जोडणाऱ्या मावशी सगळ्यात आधी आल्या. पिशवीतून त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बाहेर काढलं, मागच्या तीन महिन्यांच्या पानांसकट. दुधाच्या खाड्यांशेजारी प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं ग्रॅम लिहिले होते. “माझं तर हाय सगळं,” त्या म्हणाल्या, “बाकीच्यांचं इचारू या.”