सूर्यकिरण आणि हिरा

हिरा म्हणजे अभंगत्वाची उपमा. परंतु १६९४-९५ च्या सुमारास फ्लॉरेन्स येथें ग्रँड ड्यूक तिसरा कॉझिमो याच्या आश्रयाखालीं मोठ्या भिंगानें सूर्यकिरण एकवटून हिऱ्यावर धरले, तेव्हां तो पार नाहींसा झाला; मागें राखहि उरली नाहीं. तो गेला कोठें, हा प्रश्न पुढें पाऊणशें वर्षें तसाच राहिला.

१७७२ सालीं पॅरिसमध्यें लाव्हाझिएनें तो हातीं घेतला. भट्टीच्या अग्नीबरोबर धूर व कोळसा येतात; भिंगाचा अग्नि निर्भेळ असून बंद काचपात्रांतहि शिरतो. अशा पात्रांत हिरा जाळल्यावर आंतील हवेनें चुन्याची निवळी गढूळ झाली. कोळशाचीहि हीच गति! तरी हिरा व कोळसा एकच, असें म्हणण्यास तो कचरला.

१७७४ मध्यें इंग्लंडांत प्रीस्टलेनें बारा इंची भिंगानें पाऱ्याचें तांबडें भस्म तापवून प्राणवायु मिळविला. पण 'फ्लॉजिस्टन'चें जुनें मत त्यानें मरेपर्यंत सोडलें नाहीं. त्याच वायूवर लाव्हाझिएनें नवें रसायनशास्त्र उभारलें.

हिऱ्याचें कोडें १७९७ मध्यें टेनंटनें तराजूनें सोडविलें : हिरा व कोळसा समभार घेतल्यास निघणारा वायुहि सारखाच भरतो. १८१४ सालीं डेव्हीनें तरुण फॅरडेसह फ्लॉरेन्सच्याच जुन्या भिंगाखालीं प्राणवायूंत हिरा जाळून त्यास दुजोरा दिला.

या एकशेंवीस वर्षांत ऊन तेंच होतें, भिंगहि तेंच. पालटली ती पाहणाराची दृष्टि. किरण एकवटण्याचें काम कांच करते. त्यांतून अर्थ काढणें मात्र मनुष्यासच करावें लागतें.