रहस्यकथेतील चोर आणि आपण

रहस्यकथा हा आपल्या चर्चेचा विषय क्वचितच झाला आहे. प्रस्थापित समीक्षेने तिला साहित्याच्या उंबऱ्यापलीकडे ठेवले. उंबऱ्यापलीकडच्या माणसांची कड घेणाऱ्या आपल्या समीक्षेनेही तिची फारशी चौकशी केली नाही. मी हा विषय घेतो त्याला एक घरगुती कारण आहे. माझ्या घरात पाठ्यपुस्तकाबाहेरचे जे पहिले पुस्तक आले ते बाबुराव अर्णाळकरांचे होते.

माझे वडील सातवीपर्यंत शिकलेले. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ साली स्थापन झाला. पुढे त्याच कारखान्यात ते बांबूच्या गाड्या उतरवण्याचे काम ठेक्यावर करीत. आठवड्याने गोंडपिपरीला घरी येताना कधी बल्लारशा स्टेशनजवळच्या रद्दीवाल्याकडून एखादे पुस्तक आणीत. मुखपृष्ठ गेलेले, शेवटची पाने गेलेली. चोर कोण हे आम्हाला कित्येकदा कळायचेच नाही. मग वडील आणि मी मिळून तो ठरवायचो. शाळेत एका मास्तरांनी माझ्या दप्तरातून असे पुस्तक काढले, सगळ्या वर्गासमोर फाडले आणि म्हणाले, ‘तुमच्या लोकांच्या हाती पुस्तक आलं तरी असलंच येतं.’ घरी सांगितले तेव्हा वडील एवढेच म्हणाले, ‘मास्तर म्हणते त खरं असंल. पण तू वाच गा.’

अर्णाळकरांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९९६ साली ते वारले, तोवर त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा जमा झाल्या होत्या. एका माणसाने एका भाषेत हजार पुस्तके लिहावीत आणि त्या भाषेच्या वाङ्मयेतिहासात त्याला एखाद्या परिच्छेदापलीकडे जागा मिळू नये, हेही एक रहस्यच म्हणायचे. गिरणगावातल्या खोल्यांत, तालुक्याच्या वाचनालयांत, एस.टी.च्या स्टँडवर ही पुस्तके वाचली गेली. नुकतेच अक्षर शिकलेल्या माणसाला पान उलटायला त्यांनी लावले. हे काम कोणत्याही साक्षरता मोहिमेहून कमी मोलाचे मी मानत नाही. पुढे गुरुनाथ नाईकांनीही हजारावर कादंबऱ्या लिहिल्या. २०२१ साली ते गेले. साहित्य अकादमीचा मराठीचा पुरस्कार मात्र आजतागायत एकाही रहस्यकादंबरीला मिळालेला नाही.

इथवरचे गाऱ्हाणे सोपे आहे. उच्चभ्रूंनी लोकप्रिय लेखकाला नाकारले, असे म्हणून आपण टाळ्या घेऊ शकतो. पण या पुस्तकांच्या आत आपण कुठे होतो, हे विचारले की टाळ्या थांबतात.

अर्णाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक कायद्याबाहेर वावरणारे. पोलीस त्यांच्या मागावर, आणि ते दुष्टांच्या मागावर. रात्री परक्याच्या घरात शिरणे, तिजोरी उघडणे, वेष पालटून निसटणे हे सारे ते करतात आणि वाचक त्यांच्यावर जीव टाकतो. मीही टाकला. धनंजय-छोटूची जोडी होम्स-वॉटसनची आठवण देणारी. तिथे तर बुद्धीचा खेळ. हा साचा इंग्रजीतून आलेला, आणि त्यातल्या ‘सभ्य दरोडेखोरा’ला कायदा मोडण्याची मुभा त्याच्या सभ्यपणामुळे मिळते. ज्याला जन्मानेच सभ्यपणा नाकारला त्याने रात्री रस्त्याने नुसते चालावे, तो गुन्हा ठरतो.

हे मी रूपक म्हणून लिहीत नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे १९११ च्या कायद्याने त्याचा फास मुंबई इलाख्यासह देशभर पसरला. जमातच्या जमात जन्मतः गुन्हेगार ठरवली गेली. हजेरी द्यायची, गाव सोडायला दाखला घ्यायचा, कित्येकांनी सोलापूरसारख्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात राहायचे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला आणि त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. कागदावरून जमातीचे नाव पुसले. फौजदाराच्या डोक्यातून ते पुसायला कोणता कायदा करायचा?

आणि फौजदाराच्याच कशाला? मी वसतिगृहात असताना एका मुलाचे घड्याळ गेले. गृहपालांनी पहिली पेटी उघडली ती पारध्याच्या पोराची. पेटीत दोन सदरे आणि आईने बांधून दिलेली मोहफुले होती. घड्याळ तिसऱ्या दिवशी न्हाणीघराच्या कोनाड्यात सापडले. ज्याचे होते तोच तिथे विसरला होता. पण पारध्याचे पोर त्याआधीच निघून गेले होते आणि पुन्हा शाळेत आले नाही. मी तोवर पन्नासेक रहस्यकथा वाचल्या होत्या. पुरावा म्हणजे काय, संशयिताला बाजू मांडू द्यावी, हे सारे मला पाठ होते. मी एक शब्द बोललो नाही. बाबासाहेबांचा फोटो माझ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला होता. त्या पेटीला कुणी हात लावला नाही, याचे मला त्या वेळी बरेच वाटले.

मराठीत या गोष्टीची दुसरी बाजू कुणी लिहिली? अण्णाभाऊ साठ्यांनी. ‘फकिरा’ १९५९ सालची. दीड दिवस शाळेत गेलेल्या, वाटेगावाहून मुंबईला पायी आलेल्या माणसाने ती लिहिली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. तिच्यात लूट आहे, पाठलाग आहे, हजेरीचा जाच आहे. रहस्यकथेचा सारा दारूगोळा आहे. फक्त गुन्हेगार कोण याचे उत्तर उलटे आहे. दुष्काळात धान्य लुटणारा मांग नायक होतो आणि कोठाराला कुलूप लावणारी सत्ता आरोपीच्या पिंजऱ्यात येते. त्यानंतर १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचे ‘उचल्या’ आले आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. रहस्यकथेला बंद राहिलेले दार ज्याला पिढ्यान्‌पिढ्या चोर म्हटले त्याच्या आत्मकथनाने उघडले.

तरीही एक जागा रिकामीच राहिली. आपण कादंबरी लिहिली, आत्मकथन लिहिले, कविता तर लिहिलीच. रहस्यकथा मात्र फारशी लिहिली नाही. ते हलके काम आहे, चळवळीच्या माणसाने त्यात वेळ घालवू नये, अशी आपलीही समजूत दिसते. ही समजूत नेमकी कुणाकडून उसनी घेतली?

१९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा आपल्या तरुणांनी अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीकडे पाहिले, तिथून नाव घेतले. त्या समाजातला एक लेखक इथे आठवावा असा आहे. चेस्टर हाइम्स, जन्म १९०९. आईबाप शिक्षकी पेशातले. कॉलेजातून काढून टाकलेला हा मुलगा १९२८ साली सशस्त्र दरोड्यात पकडला गेला. शिक्षा वीस ते पंचवीस वर्षांची. ओहायोच्या तुरुंगात १९३० साली आग लागून तीनशेहून अधिक कैदी मेले, ते त्याने डोळ्यांनी पाहिले. तुरुंगातच तो लिहू लागला. १९३४ साली ‘एस्क्वायर’ या मोठ्या मासिकात त्याची कथा आली, तीवर लेखकाचे नाव म्हणून कैदी क्रमांक छापला होता : ५९६२३. ज्याची ओळख सरकारी नोंदवहीतला आकडा, त्याने तो आकडाच सहीसारखा वापरला!

१९३६ ला तो सुटला. १९४५ साली त्याची पहिली कादंबरी आली. वर्णद्वेषाची चीड त्या काळच्या त्याच्या लेखनात धगधगते, पण पोट भरेना. १९५३ ला त्याने अमेरिका सोडून फ्रान्स गाठले. तिथे मार्सेल द्युआमेल या संपादकाने त्याला सुचवले, तू रहस्यकथा लिही. हाइम्सने पैशासाठी ती लिहिली, हे त्याने लपवले नाही. हार्लेम ही न्यूयॉर्कची काळ्यांची वस्ती. तिथले कॉफिन एड जॉन्सन आणि ग्रेव्ह डिगर जोन्स हे दोन काळे पोलीस त्याने नायक केले. पहिल्याच पुस्तकाला १९५८ साली फ्रान्सचा रहस्यकथेचा मानाचा पुरस्कार मिळाला. 

हे दोन पोलीस मला फार ओळखीचे वाटतात. वस्तीतलेच, पण अंगावर गोऱ्यांचा गणवेश. वस्ती त्यांना भिते, वरिष्ठ त्यांना आपले मानीत नाहीत. राखीव जागेवर नोकरीला लागलेल्या आणि आपल्याच मोहल्ल्यात बंदोबस्ताला पाठवलेल्या शिपायाला हे समजावून सांगावे लागणार नाही. आणि १९६९ च्या शेवटच्या पुऱ्या कादंबरीत हाइम्सने रहस्यकथेचा मुख्य नियमच मोडला. या दोघांना गुन्हेगार सापडत नाही. वस्ती पेटलेली आहे, प्रेते पडत आहेत, आणि याला जबाबदार कोण हे एका नावात मावत नाही. रद्दीतल्या पुस्तकाची शेवटची पाने इथे लेखकानेच काढून टाकली आहेत.

हाइम्स १९८४ ला स्पेनमध्ये वारला. त्याच्या देशाने त्याला उशिराच नीट वाचायला घेतले. अर्णाळकरांच्या नशिबीही अवहेलनाच आली, पण दोघांची तुलना मी इथेच थांबवतो. अर्णाळकरांनी वाचक घडवला, त्याबद्दल माझ्यासारख्याने त्यांचे ऋण मानावे. हाइम्सने त्याच हलक्या मानलेल्या साच्यात स्वतःच्या वस्तीचा न्यायनिवाडा बसवून दाखवला.

मी गोंडपिपरीला कॉलेजात इतिहास शिकवतो. यंदा गुन्हेगार जमातींच्या कायद्यावर दोन तास घेतले आणि मुलांना सांगितले की त्यावर काहीही लिहून आणा, निबंधच पाहिजे असे नाही. एका मुलीने वहीची नऊ पाने आणली. तिचे वडील कोतवाल आहेत. गोष्ट अशी की ग्रामपंचायतीच्या कपाटातून घरकुलांच्या यादीचा कागद नाहीसा होतो. गाव म्हणते, पालावरच्या लोकांनी नेला. कोतवालाची पोरगी तपास करते. कुलूप तोडलेले नाही, किल्ली तिघांकडे असते, आणि त्या रात्री पालावरचे सगळे धान कापणीला दुसऱ्या गावी गेलेले होते. इथवर लिहून ती थांबली होती.

‘पुढे काय?’ मी विचारले.

‘सर, चोर सापडलाय. पण त्याचं नाव लिहिलं त बाबाची नोकरी राहील का?’

मी तिला वही परत दिली आणि आणखी कागद दिले.