गिरणगाव: नावे आणि माणसे

सन १९३१ मध्ये परळहून शिवडीकडे रस्ता काढण्याचे काम चालू असता मजुरांच्या पहारीस एक प्रचंड शिळा लागली. सुमारे साडेतीन मीटर उंचीची, एकातून एक प्रकट होणारी शिवाची सात रूपे आणि पायथ्याशी वाद्ये वाजविणारे गण, असे ते सहाव्या शतकाच्या सुमाराचे शिल्प आज परळच्या बारादेवीच्या देवळात आहे. भोवती गिरण्यांचे भोंगे वाजत असताना भूमीने आपली जुनी ओळख अशी अवचित वर काढली, ह्याचे आम्हांस नेहमीच नवल वाटत आले आहे.

परळला ओळख बदलणे नवे नव्हते. जेथे जेझुइटांचे प्रार्थनास्थळ होते तेथे पुढे इंग्रज गव्हर्नराचा बंगला झाला आणि १८९९ मध्ये त्याच वास्तूत हाफकिनसाहेबांची प्रयोगशाळा आली. कावसजी नानाभाई दावर ह्यांची मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये ताडदेवास सुरू झाली. तेथून लालबाग, परळ, वरळी, शिवडीपर्यंत धुराड्यांचे रान माजले. लोकांनी त्या साऱ्यास एकच नाव दिले: गिरणगाव.

नावातला 'गाव' हा शब्द उगीच आलेला नाही. रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कोल्हापूरचा माणूस येथे आला तो एकटा नव्हे, गाव घेऊन आला. एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस गडी पाळीपाळीने निजत. जो दिवसपाळीस गेला त्याच्या वळकटीच्या जागी रात्रपाळीचा पाठ टेकी. गावच्या देवाची वर्गणी ह्याच खोल्यांत गोळा होई. कोकणातील कित्येक देवळांचे सभामंडप ह्या पैशावर उभे राहिले आहेत. आपल्या देवस्थानांच्या जुन्या वह्या चाळणाऱ्या महाजनांस हे निराळे सांगावयास नको. चिंचपोकळीचा गणेशोत्सव १९२० चा, गणेश गल्लीचा १९२८ चा, आणि बाजारासाठी केलेल्या नवसातून आलेला लालबागचा १९३४ चा. ह्या गड्यांस जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव ह्यांनी उभी केली. त्या गोवा मुक्तिसंग्रामातल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप मागे घेतल्याचे कोणी रीतसर जाहीर केले नाही. तो विरून गेला. गिरण्या बंद पडल्या आणि राहिली ती जमीन, सुमारे सहाशे एकर.

ह्यापुढचा इतिहास कायद्याच्या एका शब्दाचा आहे, आणि वकिली पेशामुळे आम्हांस तो अधिक झोंबतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे केले: एक नगरपालिकेस मोकळ्या मैदानांसाठी, एक घरांसाठी म्हाडास, एक मालकास. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची नव्हे, केवळ 'मोकळ्या' जमिनीची. ज्या आवारात इमारतींनीच बहुतेक जागा व्यापली होती, तेथे मोकळी ती कितीशी असणार? इमारत पाडल्यावर होणारी जमीनही मोकळीच, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये लावला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरविला. त्या निर्णयापुढे मान तुकविणे आम्हांस प्राप्तच आहे. तथापि उच्च न्यायालयाचा अर्थ लोकांच्या मराठीस अधिक जवळचा होता, असे आमचे मत आहे. पाडलेल्या घराच्या जागेस आपण मोकळी जागाच म्हणतो.

कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ मध्ये निघाली. घरे सात हजारांच्या आत, अर्जदार लाखाच्या वर. पुढच्या सोडतीतली काही घरे पनवेलजवळ कोन येथे निघाली. गिरणगावातला वारस गिरणगावाबाहेर गेला तो असा.

दरम्यान गिरणीच्या आवारात काचेची दुकाने आली, आणि घरे विकणाऱ्यांच्या जाहिरातींत लोअर परळचे 'अप्पर वरळी' झाले. ह्याच्या उलट २०१८ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकास प्रभादेवी हे तेथल्या देवीचे नाव मिळाले. भाद्रपदात लालबागला आज लक्षावधी लोक येतात, पैकी फार थोड्यांनी साचा चालताना पाहिला असेल. उंच इमारतींमागे मात्र काही जुन्या चाळी अजून उभ्या आहेत, आणि शिमग्याच्या सुमारास तेथून कोकणाच्या गाड्या अजून भरून सुटतात.