बाहुलीची दोरी आणि आश्रयाचा हात

काही वर्षांपूर्वी भोर तालुक्यातील एका वाडीत मुलांचा मेळावा भरला होता. कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करणारी एक मंडळी आम्ही त्यासाठी बोलावली होती. वेल्ह्याच्या डोंगरातून पायी आलेली मुले तासभर भान हरपून बसली. खेळ संपल्यावर मंडळीच्या वृद्ध प्रमुखास आम्ही शाल व नारळ दिला आणि चार गौरवाचे शब्द बोललो. निघताना तो संकोचाने म्हणाला, "फादर, टेम्पोचं भाडं तेवढं सुटलं असतं तर बरं झालं असतं." त्याच मेळाव्याच्या मांडवाचे आणि ध्वनिक्षेपकाचे पैसे आम्ही बिनतक्रार चुकते केले होते. गौरव केला तो कलावंताचा आणि मोबदला दिला तो मांडववाल्याला, ही गोष्ट आमच्या ध्यानी तेव्हा आली. बाहुल्यांच्या कलेला आजवर कोणी पोसले, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात घर करून आहे.

ही कला आपल्या भाषेत जुनी आहे. कळसूत्री बाहुलीला प्राचीन मराठीत 'सायखडे' असा शब्दच होता. नाटकातील 'सूत्रधार' हाही मुळात बाहुल्यांची सूत्रे हाती धरणारा असावा, असे काही अभ्यासक मानतात. युरोपात दोरीच्या बाहुलीला 'मारियोनेट' म्हणतात. हा शब्द मारिया या नावाच्या लडिवाळ फ्रेंच रूपावरून आलेला आहे, हे वाचून आपल्या माताभगिनींस नवल वाटेल.

परंतु कला जुनी असली तरी ती टाळ्यांवर जगली नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या पिढ्यानपिढ्या जतन केल्या. त्यामागे सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता आणि नवरात्रात देवळांतून खेळ करण्याची परंपरा होती. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या ठिकाणी, ठरलेले दान मिळे. ती भीक नव्हती. त्याला हक्काचे व मानाचे स्वरूप होते.

राजाश्रयाचे बळ आणि त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या चरित्रात दिसतात. मराठी रंगभूमीचे जनक म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण ते लाकडी बाहुल्या घडविणारे कुशल कारागीरही होते, हे फार थोड्यांस ठाऊक असते. संस्थानाधिपती चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. १८५१ साली अप्पासाहेब निवर्तले आणि डोक्यावरचे छत्र गेले. भाव्यांनी मग मंडळी घेऊन गावोगाव दौरे केले आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. एका राजाच्या जागी अनेक प्रेक्षक आले. भाव्यांच्या बाहुल्या मात्र दीर्घकाळ विस्मृतीत राहिल्या. पुढे रामदास पाध्ये यांनी त्यांची डागडुजी करून त्या पुन्हा प्रेक्षकांसमोर आणल्या.

आमच्या भोरचीही कथा निराळी नाही. पंतसचिवांच्या राजवाड्यातील रामनवमीचा उत्सव संस्थानच्या आधाराने होत असे. १९४८ साली संस्थान विलीन झाले. राज्य गेले ते लोकशाहीच्या हिताचेच झाले. पण राजाने सोडलेली आश्रयदात्याची जागा कोणी घ्यायची, हा प्रश्न उरला. आज तो वाडा चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी प्रसिद्ध आहे. वाड्याला भाडे मिळते. फिरत्या कलावंताला कोण देणार?

पिंगुळीने याचे एक उत्तर दिले आहे. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर करून २००६ साली 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभे केले. पाहुणे तेथे येतात, खेळ पाहतात, कला समजून घेतात. २०२१ साली गंगावणे यांना पद्मश्री मिळाली. ज्या आश्रयाची सुरुवात राजवाड्यापासून झाली, तो असा गोठ्यात येऊन स्थिरावला. गोठ्याचे मोल आपल्याला निराळे सांगायला नको.

आपल्या परंपरेतही या प्रश्नाचा विचार आहे. संत जॉन बॉस्को लहानपणी गावच्या मुलांना जादूचे व कसरतीचे खेळ दाखवीत आणि मोबदल्यात पैसे न मागता जपमाळेची प्रार्थना करवून घेत. तो मुलगा आपल्या आईच्या घरी जेवत असे, म्हणून त्याला ते परवडले. पोटासाठी खेळ करणाऱ्याकडून आपण तशी अपेक्षा ठेवू नये. शिष्यांना पाठविताना प्रभूने कामकऱ्याचा मजुरीवरील हक्क स्पष्ट सांगितला आहे. आणि संत पौलाने यरुशलेमच्या गरजू बांधवांसाठी निधी जमविताना करिंथकरांना काय सुचविले? आपण येईपर्यंत थांबू नका, दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणे थोडे बाजूला ठेवा. उमाळ्याच्या देणगीपेक्षा नियमित देणगी टिकते, हे त्यांनी जाणले होते.

मग आपण काय करावे? पहिले, धर्मग्रामाच्या सणाला किंवा शाळेच्या संमेलनाला खेळ बोलावला तर मानधन आणि प्रवासखर्च आधी ठरवून, खेळाच्या दिवशीच द्यावा. दुसरे, दहा-वीस कुटुंबांनी मिळून दरमहा थोडी पण ठरलेली रक्कम द्यावी; वर्षाचा अंदाज बांधता आला की मंडळीला नवे शिष्य घेता येतात. तिसरे, वस्तुरूपाने द्यावे: बाहुल्यांच्या वस्त्रांसाठी कापड, पेट्या ठेवायला कोरडी खोली, सरावाला सभागृह. चौथे, मोठ्या देणगीचा कायम निधी करून मुद्दलाला हात न लावता व्याजावर खर्च चालवावा.

यासाठी मंडळीने १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी करावी. आयकर कायद्याप्रमाणे सवलतीची मान्यता मिळविल्यास देणगीदारालाही करात सूट मिळू शकते. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करण्यास सांगितले असून पारंपरिक कलांचे संवर्धन त्यात बसते. परदेशस्थ नातलगांकडून मदत घेण्यापूर्वी मात्र परकीय देणग्यांच्या कायद्याचे नियम पाहून घ्यावेत. आपल्या धर्मग्रामातील हिशेबनीस आणि वकील मंडळींनी हे कागदपत्रांचे काम विनामूल्य करून दिले, तर तीही मोठी देणगीच होय. आणि जमाखर्च दर वर्षी फलकावर लागलाच पाहिजे. हिशेब दिसला की देणारा पुन्हा देतो.

त्या वृद्ध कलावंतास आम्ही टेम्पोचे भाडे दुसऱ्या आठवड्यात पोहोचते केले. त्याने ते मोजून घेतले आणि कागदावर सही करून पावती दिली. शाल देताना त्याने मान खाली घातली होती; पावती देताना मात्र तो आमच्याकडे सरळ पाहत होता.