पाळणा फिरला, सूचना थांबली: एका घडीच्या पाळण्याचा इतिहास

प्रवासात नेण्यासाठी बाळाचा घडीचा पाळणा कोणता घ्यावा? हा प्रश्न इतिहासाचा वाटत नाही. वजन किती, घडी पटकन होते का, किंमत परवडते का, एवढं पाहिलं की झालं. (पाळणा म्हणजे इथे आपला झुलणारा नव्हे, तर चार बाजूंना कठडे असलेली, मिटून पिशवीत भरता येणारी बाळाची खाट.) पण संशोधकाने याच प्रश्नाला जोडून दुसरा प्रश्न विचारायचा असतो: ही वस्तू दुकानात येण्याआधी तिच्याबद्दल कोणी, काय ठरवलं होतं? आणि त्याची नोंद कुठे सापडते?

या प्रश्नासाठी अमेरिकेतलं एक प्रकरण घेऊ. १९९० ते १९९२ या काळात तिथे 'प्लेस्कूल ट्रॅव्हल-लाइट' नावाचा घडीचा पाळणा विकला गेला. बनवणारी कंपनी कोलक्राफ्ट. प्लेस्कूल हे नाव हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीकडून परवान्यावर घेतलेलं. विकले गेले सुमारे ११,६०० नग. पाळण्याच्या वरच्या कठड्यांना मध्यभागी बिजागरी होती आणि पाळणा उघडल्यावर ते हाताने फिरवून पक्के करावे लागत. ते पक्के बसले नाहीत किंवा सुटले, तर कठडा मधोमध खाली दुमडायचा आणि त्याचा इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा चिमटा व्हायचा. उभं राहिलेल्या बाळाची मान त्यात अडकायची.

आता साधनांकडे येऊ. पहिलं साधन म्हणजे नियम. अमेरिकेत घरातल्या मोठ्या पाळण्यांसाठी १९७३ साली आणि लहान आकाराच्या पाळण्यांसाठी १९७६ साली सरकारी नियम झाले. म्हणजे १९९० मध्ये नियम होता असं आपण बिनधास्त लिहून टाकू. पण १९७६ च्या नियमातली व्याख्या वाचा. जाळीचे आणि ताठ बांधणी नसलेले पाळणे तिने चक्क वगळले आहेत. घडीचे नवे पाळणे नेमके तसेच होते. म्हणजे बाळाला ज्यात झोपवायचं ती वस्तू बाजारात होती, नियमही होता, पण दोघांची गाठच पडत नव्हती. म्हणून कोणताही कायदा वाचताना 'यात काय येतं' याच्याइतकंच 'यातून काय वगळलं' हेही वहीत लिहा.

दुसरं साधन म्हणजे परत मागवण्याची सूचना, ज्याला तिथे 'रिकॉल' म्हणतात. मृत्यूंची नोंद झाल्यावर १९९३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी वस्तू सुरक्षा आयोगाने कंपनीसह ट्रॅव्हल-लाइट परत मागवल्याचं जाहीर केलं. दप्तरात ही सूचना आहे, तारखेसह आहे. केवळ दप्तर वाचणारा संशोधक इथे 'प्रश्न सुटला' असं लिहून पुढच्या प्रकरणाकडे वळेल.

पण १२ मे १९९८ रोजी, म्हणजे सूचनेनंतर पाच वर्षांनी, शिकागोत एका परवानाधारक पाळणाघरात डॅनी कायझर हा जेमतेम दीड वर्षाचा मुलगा त्याच बनावटीच्या पाळण्यात दगावला. त्या पाळणाघराची सरकारी तपासणी थोड्याच दिवसांपूर्वी होऊन गेली होती. पाळणा परत मागवलेला आहे हे पालकांना, पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना माहीत नव्हतं.

असं का झालं? सूचना काढली जाते ती खरेदीदाराला उद्देशून. पण बाळाच्या वस्तू पहिल्या खरेदीदाराकडे राहतात कुठे? आपल्याकडे नाही का, बहिणीच्या मुलाचा पाळणा, दुपटी, अंगडी-टोपडी सगळं पुढच्या बाळाकडे जातं, तसंच तिकडेही. वस्तू नातलगांकडे, शेजाऱ्यांकडे, जुन्या बाजारात, पाळणाघरात फिरते. पाळणा फिरत राहतो, सूचना मात्र निघाली तिथेच थांबते. मोटारीतल्या मुलांच्या आसनांसोबत तेव्हा ग्राहक-नोंदणीचं कार्ड सक्तीचं झालं होतं. पाळण्यांसोबत तशी सक्ती नव्हती. पाळणा कोणाकडे आहे याचा पत्ता ठेवायची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

तिसरं साधन म्हणजे मौन. आयोगाच्या मूळ कायद्यातल्या सहाव्या कलमानुसार, उत्पादकाचं नाव येईल अशी माहिती प्रसिद्ध करण्याआधी उत्पादकाला कळवून त्याचं म्हणणं मागवावं लागतं. त्यामुळे ठराविक काळात जाहीर नोंदी कमी दिसल्या, तर अपघात कमी झाले असा अर्थ लगेच लावू नका. ती माहिती बाहेर येण्याची वाटच अरुंद असू शकते.

डॅनीचे आईवडील, लिंडा गिन्झेल आणि बोआझ कायझर, शिकागो विद्यापीठात प्राध्यापक. त्यांनी १९९८ मध्येच 'किड्स इन डेंजर' ही संस्था काढली. १९९९ मध्ये इलिनॉय राज्याने परत मागवलेल्या मुलांच्या वस्तू विकण्यावर आणि पाळणाघरात वापरण्यावर बंदी घालणारा कायदा केला. २००८ च्या केंद्रीय कायद्यातला एक भाग डॅनीच्या नावाने आहे. लहान मुलांच्या टिकाऊ वस्तूंना सक्तीची मानकं आणि प्रत्येक वस्तूसोबत नोंदणी-कार्ड त्यातून आलं. जाळीच्या घडीच्या पाळण्यांसाठी सक्तीचं मानक प्रत्यक्ष लागू व्हायला २०१३ उजाडलं.

इथे एक मोह टाळायला हवा. 'दुःखी आईवडील लढले आणि कायदा झाला' ही गोष्ट सरळ आणि मनाला भिडणारी आहे, पण अपुरी आहे. २००७ मध्ये शिसं असलेल्या रंगाची लाखो खेळणी परत मागवावी लागली आणि देशभर गदारोळ झाला, तेव्हा २००८ च्या कायद्याला जोर मिळाला. पालकांनी दहा वर्षं मागणी तयार ठेवली होती; संधी दुसऱ्याच कारणाने आली. कारणमीमांसा लिहिताना या दोन गोष्टी वेगळ्या मांडता आल्या पाहिजेत.

आता तुमच्या विषयाकडे वळा. तुम्ही शिक्षण, रोजगार हमी, पाणीपुरवठा, कशावरही काम करत असाल, तुमच्या हातात शासन निर्णय आणि परिपत्रकं येणारच. प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारा: व्याख्येतून कोण सुटलं? कागद कोणाला उद्देशून होता, आणि वस्तू किंवा माणूस प्रत्यक्षात कुठे होता? तो पोचला याचा पुरावा कोणता? निघालेला कागद हा निघाल्याचाच पुरावा असतो, पोचल्याचा नव्हे.

आणि मूळ प्रश्न राहिलाच. नातवंडासाठी परदेशी गेलेल्या आजी-आजोबांना तिकडे कोणी घडीचा पाळणा उसना दिला, तर वजनाआधी त्यावरचं लेबल वाचावं: कंपनी, मॉडेल, बनवल्याची तारीख. अमेरिकेत तो २०१३ पूर्वीचा असेल तर घेऊ नये. नाव परत मागवलेल्यांच्या यादीत तपासावं. कठडे उघडताच आपोआप पक्के बसतात का, दाबून पाहावं. सोबत आलेल्या गादीशिवाय दुसरी गादी किंवा उशी आत घालू नये. सूचना आपल्यापर्यंत येईल याची वाट पाहायची नाही, आपणच तिच्यापर्यंत जायचं.