शुश्रूषेचे नाते आणि न्यायालय

रक्ताचे नाते जन्माने जुळते, विवाहाचे नाते विधीने जुळते. परंतु रुग्णाच्या उशाशी वर्षानुवर्षे जागणाऱ्या परिचारिकेचे त्याच्याशी नाते कोणते? आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न २०११ साली आला. आणि तो जिच्यामुळे आला ती दुर्दैवी स्त्री आपल्या शेजारच्याच मुलखातली होती.

अरुणा शानभाग यांचा जन्म १९४८ साली कारवार जिल्ह्यातील हळदीपूर येथे झाला. बेळगावप्रमाणेच तो जिल्हाही त्या काळी मुंबई प्रांतात मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही म्हैसूर राज्यात गेले. कारवारकडच्या कित्येकांप्रमाणे अरुणाबाई मुंबईस गेल्या आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका झाल्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका कामगाराने साखळीने गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. वाचा, दृष्टी आणि भान गेले. आरोपीस जबरी चोरी व खुनाचा प्रयत्न एवढ्याच गुन्ह्यांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नव्हता.

येथून पुढचा इतिहास परिचारिकांचा आहे. चार क्रमांकाच्या कक्षालगतच्या खोलीत त्यांनी आपल्या या भगिनीस स्नान घातले, घास मऊ करून भरविले, तिची कूस पालटली. जुन्या मुली निवृत्त झाल्या. घटनेनंतर जन्मलेल्या मुलींनी तेच काम हाती घेतले. महापालिकेने तिला अन्यत्र हलविण्याचे योजिले, तेव्हा त्यांनी कडाडून विरोध केला. एका अंगावर पडून राहिलेल्या देहाची कातडी काही दिवसांतच कुजू लागते, हे घरात अंथरुणास खिळलेला वृद्ध असणाऱ्यांस सांगावयास नको. सदतीस वर्षांत या रुग्णास एकदाही शय्याव्रण झाले नाही, अशी नोंद न्यायालयापुढे आली. यापरते मोठे प्रशस्तिपत्र कोणते?

अतिदक्षता विभागाचा उगमही असाच माणसांच्या हातांत आहे. १९५२ साली कोपनहेगनला पोलिओची साथ आली, तेव्हा श्वास थांबत चाललेल्या रुग्णांस सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिशवी दाबून श्वास पुरविला. यंत्रांनी त्यांची जागा पुढे घेतली.

लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणाबाईंच्या वतीने, त्यांचे अन्न थांबवून त्यांस मरण येऊ द्यावे, असा अर्ज केला. हेतू करुणेचाच होता. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी तो नाकारला. जीव टिकविणारे उपचार काही अटींवर थांबविता येतील, हे त्यांनी तत्त्वतः मान्य केले. परंतु या रुग्णाचा ‘निकटचा मित्र’ अर्जदार नव्हे, तर के. ई. एम.चा सेवकवर्ग होय, असे ठरविले. सेवेने अधिकार प्राप्त होतो, हे तत्त्व त्या निर्णयात आहे. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणाबाईंचे निधन झाले. अंत्यविधीत नातलगांसमवेत रुग्णालयाचे अधिष्ठाताही होते.

पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला व उपचारांविषयीचे इच्छापत्र ग्राह्य धरले. २०२३ साली त्याची रीत सुलभ झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी अथवा राजपत्रित अधिकारी यांच्यापुढील स्वाक्षरी पुरते. त्यानुसार कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने जानेवारी २०२५ मध्ये रुग्णालयांस आदेश दिले. निपाणीचा अत्यवस्थ रुग्ण कधी बेळगावला जातो, कधी कोल्हापूरला; न्यायालयाचा हा निर्णय मात्र सीमेच्या दोन्ही बाजूंस सारखाच लागू आहे.

आपल्याकडे शेतीचे मृत्युपत्र लोक करतात, देवस्थानास दान लिहून ठेवतात. स्वतःच्या अखेरच्या दिवसांविषयी मात्र मौन पाळतात. मग काचेच्या दाराबाहेर मुले-सुना परस्परांची तोंडे पाहत बसतात आणि आत कोण्या अनोळखी घरची मुलगी रुग्णाचे तोंड पुसत असते. आपली इच्छा शुद्धीवर असतानाच लिहून ठेवावी, आणि त्या मुलीचे नाव तरी विचारावे. तिचे रुग्णाशी नाते आहे, हे आता न्यायालयानेही मानले आहे.